कापूर, फणी आणि फिल्म : मुंबईतल्या सेल्युलॉइडचा इतिहास

१/
गिरगावातील केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. आरतीच्या तबकात तेव्हाही कापूरच जळत असे. मात्र त्याच काळात जगातील कापराचा फार मोठा हिस्सा देवघरांकडे न जाता कारखान्यांकडे वळला होता. कापसावर आम्लांची प्रक्रिया करून त्यात कापूर मिसळला, की हस्तिदंतासारखा किंवा शिंगासारखा दिसणारा एक नवाच पदार्थ हाती येई. त्याचे नाव सेल्युलॉइड. व्यापारी यश मिळालेले हे जगातील पहिले प्लास्टिक.

२/
प्लास्टिक म्हटले की कधीही नष्ट न होणारी वस्तू डोळ्यांपुढे येते. हे पहिले प्लास्टिक मात्र नाशवंत होते. ते पिवळे पडे, चिकट होई, त्याची भुकटी होई आणि प्रसंगी ते भडकन पेटे. गिरगावातील घरांत त्याच्या फण्या होत्या, दादरच्या एका घरात त्याच्यावर चित्रपट उमटला. फणी तुटली तर दुसरी मिळाली. चित्रपट गेला तो गेलाच. या धाग्यात त्या एका पदार्थाच्या दोन्ही वाटांचा मागोवा घेतला आहे.

३/
आधी जुन्या घरातील फणेरपेटी उघडून पाहू. झाकणाला आतून आरसा, आत फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी. कपाळावर आधी मेण, त्यावर कुंकू. फणी लाकडाची किंवा शिंगाची, श्रीमंताघरी हस्तिदंताची. शिंग तापवून मऊ करायचे, दाबून सपाट करायचे आणि मग बारीक करवतीने एकेक दाता कापायचा, असे ते काम होते. लाखेच्या बांगड्याही उष्णतेनेच वळवत. तापवले की मऊ, निवले की घट्ट, हा प्लास्टिकचा मूळ गुण मेण, लाख आणि शिंग यांच्यामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता.

४/
नवे होते ते एवढेच, की हा गुण आता माणसाने प्रयोगशाळेत घडवला. अलेक्झांडर पार्क्स या इंग्रज संशोधकाने १८६२ च्या लंडन प्रदर्शनात ‘पार्कसाइन’ मांडले, पण त्याचा धंदा टिकला नाही. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट हा बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधत होता. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण उष्णता व दाबाखाली घडवण्याच्या पद्धतीचे पेटंट त्याला १८७० साली मिळाले. त्यातूनच सेल्युलॉइडचा उद्योग उभा राहिला.

५/
कृती थोडक्यात अशी. कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात भिजवला की नायट्रोसेल्युलोज तयार होते. प्रक्रिया अधिक तीव्र केली, तर त्याच कापसाची ‘गनकॉटन’ नावाची स्फोटक दारू होते. सौम्य प्रकारात कापूर आणि अल्कोहोल घालून ते कणकेसारखे मळायचे, रुळांतून काढायचे, दाबून ठोकळा करायचा आणि त्याचे पातळ पत्रे कापायचे. साधारण तीन-चार भाग नायट्रोसेल्युलोजला एक भाग कापूर. गरम पाण्यात पत्रा मऊ पडे आणि हवा तसा वळे.

६/
रंग हवा तो देता येई. हस्तिदंताच्या रेषा, कासवाच्या पाठीवरील तपकिरी ठिपके, पोवळ्याची लाली, सगळ्याची हुबेहूब नक्कल होई. फण्या, कंगवे, बांगड्या, गुंड्या, साबणाच्या डब्या, ब्रशाच्या मुठी, चष्म्याच्या काड्या, पेनच्या नळ्या, खुळखुळे, बाहुल्या आणि टेबल टेनिसचे चेंडू अशी ही यादी लांबत गेली. साहेबी पोशाखासाठी सेल्युलॉइडची कॉलरही निघाली. धोब्याकडे न देता ओल्या फडक्याने पुसली, की ती पुन्हा पांढरीशुभ्र.

७/
या मालाचा मुंबईशी संबंध जुळला तो जपानमार्गे. जमशेटजी टाटांच्या पुढाकाराने आणि निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या जहाजांनी १८९३ मध्ये मुंबई-जपान असा नियमित मालवाहतुकीचा मार्ग सुरू झाला. जाताना हिंदी कापूस जाई. पुढे १८९५ मध्ये तैवान जपानच्या ताब्यात गेले आणि तेथील कापराच्या जंगलांवर जपानी सरकारने १८९९ मध्ये मक्तेदारी बसवली. जगाचा कापूर ज्याच्या हाती, त्याच्या हाती सेल्युलॉइडची नाडी. दोन महायुद्धांच्या दरम्यान जपान सेल्युलॉइडच्या उत्पादनात जगात अग्रेसर झाला.

८/
स्वस्त जपानी खेळणी, बांगड्या आणि किरकोळ शोभेच्या वस्तू विसाव्या-तिसाव्या दशकांत मुंबईच्या बाजारात मुबलक आल्या. मुंबईकर ज्याला ‘कटलरीचे दुकान’ म्हणतो, त्या दुकानाचा हा खास माल. त्यात सुरी-काटा क्वचितच असे. रिबिनी, फण्या, गुंड्या, पिना आणि टिकल्या मात्र हमखास. हस्तिदंताची फणी ज्या घराला कधीच परवडली नसती, त्या घरातही निदान तसा रंग आला. परळ-लालबागच्या गिरण्यांत राबणाऱ्या कुटुंबाला बाहुली विकत घेता येणे, हा या पदार्थाने घडवलेला लहानसा पण खरा बदल होता.

९/
तरीही परंपरेने नव्या वस्तूला सरसकट घरात घेतले नाही. सेल्युलॉइडची बांगडी पडली तरी फुटत नसे, हा तिचा व्यवहारातला मोठा गुण. काचेची फुटली तर ‘बांगडी वाढली’ असे म्हणायचे, कारण फुटणे हा शब्दच अशुभ. पण लग्नाचा हिरवा चुडा काचेचाच राहिला. नाजूक काचेला जो मान होता, तो न फुटणाऱ्या नव्या बांगडीला मिळाला नाही. ती हौसेची ठरली, सौभाग्याची नाही.

१०/
स्वदेशीच्या चळवळीने अशा क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंनाच प्रश्न विचारले. आपली बांगडी, आपली फणी, आपली गुंडी परदेशातून का यावी? महाराष्ट्रात पैसा फंडाच्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. बंगालमध्ये मन्मथनाथ घोष हे जपानात जाऊन सेल्युलॉइडची विद्या शिकून आले आणि जेसोर येथे कंगवे व गुंड्यांचा कारखाना सुरू झाला. एका साध्या कंगव्यासाठी माणसे समुद्र ओलांडून शिकायला जात होती.

११/
घरातील या पाहुण्याला एक खोड होती. चुलीची ठिणगी किंवा दिव्याची ज्योत लागली, की फणी वा बाहुली क्षणार्धात पेटे. नायट्रोसेल्युलोजच्या रेणूतच प्राणवायू बांधलेला असतो, त्यामुळे ही आग बाहेरच्या हवेवर फारशी अवलंबून नसते. पाणी ओतले तरी ती सहज विझत नाही. एक फणी पेटली तर नुकसान थोडे. पण याच पदार्थाच्या हजारो फूट लांबीच्या पट्ट्या एका खोलीत ठेवल्या तर? हा प्रश्न लवकरच मुंबईपुढे येणार होता.

१२/
जॉर्ज ईस्टमनच्या कंपनीने १८८९ मध्ये पारदर्शक सेल्युलॉइडची गुंडाळता येणारी फिल्म बाजारात आणली. काच वाकत नाही, कागद पारदर्शक नाही; सेल्युलॉइड दोन्ही साधते. त्यावर चांदीच्या क्षारांचा प्रकाशसंवेदी थर दिला की चलच्चित्राचा कच्चा माल तयार. अर्थात फणी आणि फिल्म ही एकाच घराण्यातील भावंडे. एकीला जाडी मिळाली, दुसरीला पारदर्शकता.

१३/
ही पट्टी मुंबईत प्रथम सार्वजनिकरीत्या झळकली ती ७ जुलै १८९६ रोजी, काळा घोड्याजवळील वॉटसन हॉटेलात. खेळ ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा, तिकीट एक रुपया. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी लवकरच स्वतःचा कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधील कुस्ती टिपली. केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजप्यांचे १९०१ मधील स्वागतही त्यांनी चित्रित केले.

१४/
धुंडिराज गोविंद फाळके यांनी गिरगावातील तंबूत १९११ च्या सुमारास ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि आपल्या देवदेवता पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा आणि इतर सामग्री मिळवून परतले. भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने टिपून दाखवली. त्यानंतर दादरच्या मुख्य रस्त्यावरील घर हाच त्यांचा स्टुडिओ झाला. तो रस्ता आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणून ओळखला जातो.

१५/
येथे गोष्ट पुन्हा घरात येते. परदेशातून येणाऱ्या कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे नसत. ती हातयंत्राने, अंधाऱ्या खोलीत पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला दोन्ही कडांना मिळून ८ छिद्रे लागतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. म्हणजे केवळ तेवढ्या लांबीसाठी पावणेपाच लाखांच्या आसपास छिद्रे. निगेटिव्हची आणि वाया गेलेल्या फिल्मची त्यात गणतीच नाही.

१६/
यंत्राच्या एका दाबात एकाहून अधिक छिद्रे पडत असली, तरी काम डोळ्यांवाचून, बोटांच्या अंदाजाने करायचे होते. छिद्र तसूभर सरकले की पडद्यावर चित्र थरथरणार. सरस्वतीबाई रसायने मिसळत, फिल्म धुण्यास मदत करत आणि मंडळींचा स्वयंपाकही सांभाळत. त्यांचे दागिनेही या उद्योगासाठी गहाण पडले. पडद्यावर तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना, म्हणून ग्रँट रोडवरील उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. पडद्यामागे मात्र चित्रपटाची प्रत्येक चौकट एका स्त्रीच्या हाताखालून जात होती.

१७/
‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला. आपला चित्रपट स्वदेशी आहे, याचा फाळक्यांना सार्थ अभिमान होता. कथा इथली, माणसे इथली, पैसा इथला. पण ज्या पट्टीवर हे सारे उमटले, ती पट्टी परदेशी होती आणि पुढेही अनेक दशके परदेशीच राहिली. उटी येथील हिंदुस्तान फोटो फिल्म्सचे उत्पादन सुरू व्हायला १९६७ साल उजाडले. जो प्रश्न कंगव्याला विचारला गेला होता, तोच फिल्मलाही लागू होता. त्याचे उत्तर मात्र फार उशिरा मिळाले.

१८/
फाळक्यांनंतर दादर-परळ हा पट्टा चित्रपटाचे माहेरघर झाला. द्वारकादास संपत यांची कोहिनूर फिल्म कंपनी दादरला होती. १९२३ मध्ये लागलेल्या आगीने तिचे मोठे नुकसान केले. परळच्या लवजी कॅसलमध्ये १९३३ साली वाडिया मूव्हीटोन आली आणि १९४२ मध्ये त्याच जागेत व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर उभे राहिले. गिरण्यांमध्ये कापसाच्या गाठी, स्टुडिओंमध्ये आम्लात भिजलेल्या कापसाच्या पट्ट्या. दोन्ही ठिकाणी आगीची धास्ती सारखीच.

१९/
सरकारलाही ही धास्ती होती. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा आज सेन्सॉरशिपसाठी आठवला जातो. पण त्या कायद्यानुसार खेळाचा परवाना देताना दोन गोष्टी पाहायच्या होत्या : चित्रपट प्रमाणित आहे का, आणि जागा प्रेक्षकांसाठी सुरक्षित आहे का. प्रखर दिव्यासमोरून ज्वालाग्राही पट्टी धावत असताना दुसरा प्रश्न पहिल्याहून कमी महत्त्वाचा नव्हता. चित्रपटगृहाच्या कायद्यामागे पडद्यावरील दृश्याची जशी काळजी होती, तशीच त्या पट्टीच्या रसायनाचीही.

२०/
दरम्यान घरांतून सेल्युलॉइडचे राज्य ओसरू लागले. लिओ बेकलँडने १९०७ मध्ये शोधलेले बेकेलाइट एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा मऊ पडत नसे. मुंबईत वीज घरोघर पोचू लागली, तसा हा काळा-तपकिरी पदार्थ स्विच, होल्डर, रेडिओ आणि टेलिफोनच्या रूपाने आला. पुढे १९५७ मध्ये मुंबईच्या पॉलिकेम कंपनीने देशात पॉलिस्टायरिनचे उत्पादन सुरू केले आणि स्वस्त देशी प्लास्टिकचे युग अवतरले. फिल्मच्या जगातही कोडॅकने १९५१ पर्यंत नायट्रेट फिल्मचे उत्पादन थांबवून न भडकणारी ‘सेफ्टी फिल्म’ आणली.

२१/
मागे राहिली ती जुनी रिळे. नायट्रेट फिल्म आपोआप विघटित होते आणि उष्ण-दमट हवेत हा वेग वाढतो. आधी चित्र पिवळसर होऊन विटते, मग पट्टी चिकट होते, वेटोळी एकमेकांना डसतात, फेस येतो आणि अखेर तपकिरी भुकटी उरते. विघटनातून निघणारे वायू आम्ल तयार करतात आणि ते आम्ल उरलेली फिल्म आणखी खाते. बिघडलेली रिळे बंद डब्यात चाळीस अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहिली तर स्वतःहून पेटू शकतात. मुंबईचा पावसाळा आणि उन्हाळा, दोन्ही त्यांचे वैरीच.

२२/
निसर्गापेक्षाही जलद काम भंगाराच्या बाजाराने केले. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात झळकला आणि बोलपटांमुळे मूकपटांची बाजारातील किंमत शून्यावर आली. पण फिल्मवरील थरात चांदी होती. ती धुऊन काढली की पैसे मिळत. उरलेल्या कोऱ्या पट्ट्यांतून बांगड्या आणि पाकिटे बनत, असे या क्षेत्रातील जाणकार सांगत आले आहेत. तसे पाहता चित्रपट पुन्हा फणेरपेटीच्या शेजारी जाऊन पडला, फक्त आता त्यावर चित्र नव्हते.

२३/
ज्या ‘आलम आरा’ने मूकपटांचा बाजार उठवला, त्याचीही एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा फार उशीर झाला होता. भारतात सुमारे १,३०० मूकपट निघाले. त्यांपैकी आज ३० च्या आसपास उरले आहेत आणि त्यांतीलही बरेच अपुरे. पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून जे गोळा केले, त्यात फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’चाही समावेश होता. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चारपैकी दोनच रिळे हाती लागली, तीही मूळ १९१३ ची की १९१७ च्या नव्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

२४/
जतन केलेलेही सुरक्षित राहतेच असे नाही. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची मूळ रिळे जळाली. ज्यांच्या प्रती आधी सेफ्टी फिल्मवर उतरवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. मूळ नायट्रेटवरील चित्राची ती खोली आणि झळाळी मात्र परत येणारी नव्हती.

२५/
इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख आणि मोडी दफ्तरे आठवतात. तांबे, दगड आणि हातकागद शतके टिकतात, म्हणून त्यांच्यावर लिहिलेला इतिहासही टिकतो. विसाव्या शतकाचे दप्तर मात्र कापूस, आम्ल आणि कापूर यांच्या मिश्रणावर लिहिले गेले. स्वस्त, हलके, सर्वांना परवडणारे. ज्या गुणांमुळे ते घरोघर पोचले, त्याच गुणांमुळे ते जपून ठेवावे असे कोणाला वाटले नाही. फणी काय आणि जुनी रिळे काय, दोन्ही वापरून टाकायच्या वस्तू ठरल्या.

२६/
कोणाच्या घरी आजी-पणजीची फणेरपेटी असेल, तर आतील पिवळसर फणी बोटाने हलकेच चोळून वास घ्यावा. कापराचा मंद वास आला तर ती बहुधा सेल्युलॉइडची. तापलेली सुई किंवा काडी लावून परीक्षा करू नये. ती हवाबंद डब्यात आणि दागिन्यांच्या किंवा धातूच्या वस्तूंच्या शेजारीही ठेवू नये. तिच्यातून निघणारे वायू धातू खातात. थंड, कोरडी, हवेशीर जागा आणि शेजारी आग नको. जुन्या रिळांना नेमके हेच हवे होते आणि हेच त्यांना मिळाले नाही. (समाप्त)